सुपरसॅच्युरेशनवर प्रोजेक्ट घेताय? आधी सँपल सांभाळा

एम.फार्मला मी डिपायरिडामोल घेतलं होतं. पिवळं औषध, वीक बेस (सौम्य अल्कली), म्हणजे पोटातल्या आम्लात मस्त विरघळतं आणि आतड्याच्या पीएचला आलं की खाली बसायला लागतं. प्रयोग ऐकायला सोपा, पीएच 1.2 ला विरघळवायचं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून 6.8 वर न्यायचं, 37 डिग्रीला ठेवायचं आणि विरघळण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त औषध पाण्यात (हेच सुपरसॅच्युरेशन) किती वेळ टिकतं ते बघायचं. शरीराने ते तेवढ्या वेळात शोषून घ्यावं म्हणून ही सगळी धडपड.

चवथीला लाडवांचा पाक करताना आई लिंबू पिळते, नाहीतर पाकात साखर धरते. लिंबाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि ते स्फटिकांना वाढू देत नाहीत. आपल्या प्रयोगात स्फटिक अडवायचं काम एचपीएमसीसारखा पॉलिमर करतो, रीत वेगळी असली तरी.

आता माझे तीन आठवडे कुठे गेले ते सांगतो. सँपल काढला, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि ट्यूब स्टँडला लावून जेवायला गेलो कारण एचपीएलसीवर (द्रावणात औषध किती ते मोजणारं यंत्र) माझा नंबर दुपारी होता. आकडे इतके कमी आले की पॉलिमर कामच करत नाही असं वाटून मी दोन पॉलिमर बदलले. शेवटी सीनियर ताईने ट्यूब उजेडात धरली, तर तळाला पिवळ्या सुया! गाळलेलं पाणीसुद्धा सुपरसॅच्युरेटेडच असतं ना, त्यात एसीच्या खोलीत थंड झालं, मग ट्यूबमध्येच स्फटिक पडले. म्हणून गाळल्या गाळल्या मोबाइल फेजने (एचपीएलसीत वाहणारं द्रावण) डायल्यूट करा, सिरिंज आणि फिल्टर आधी 37 ला आणून ठेवा, पहिले थोडे एमएल टाकून द्या कारण फिल्टर स्वतःच औषध धरून ठेवू शकतो.

अजून एक, द्रावण गढूळ झालं की लगेच स्फटिक लिहू नका. कधीकधी ते औषधाचे बारीक थेंब असतात, 0.45 मधून पार होतात आणि आकडा उगाच फुगतो. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघा, स्फटिक बहुतेक वेळा चमकतात, थेंब नाही.

आणि आपल्या गोव्यातला पाऊस! औषधाची अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेली, पावडर दमट हवेतलं पाणी ओढते, मऊ पडते आणि हळूहळू स्फटिक व्हायला लागते. जून ते सप्टेंबर डेसिकेटरशिवाय (ओल शोषून घेणारं बंद भांडं) ठेवूच नका, आणि एक्सआरडीला (स्फटिक आहेत का ते एक्स-रेने बघणारी तपासणी) पाठवताना पुडीवर बनवल्याची तारीख आणि मोजल्याची तारीख, दोन्ही लिहा.