'टू प्लस टू' परदेशी पदवी: या चुका टाळा

दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिकडे. खर्च आटोक्यात, पदवी परदेशी. बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हल्ली हा मधला मार्ग चर्चेत येतो. माहितीपत्रकावर दोन विद्यापीठांची बोधचिन्हं शेजारी शेजारी असतात आणि पालकांची नजर तिथेच अडकते. मार्ग खोटा नाही. पण प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, हॉस्टेल विचारतो, आणि नेमके दोन प्रश्न राहून जातात: पदवी कोण देणार, आणि मूल त्या देशात किती महिने असणार?

सगळ्याच प्रकारांना सरसकट 'परदेशी डिग्री' समजणं ही पहिली चूक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मे २०२२ च्या नियमांत तीन वेगळ्या वाटा आहेत. ट्विनिंगमध्ये जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) परदेशात करता येतात आणि पदवी भारतीय संस्थेचीच मिळते. (हे ऐकून चेहरे पडतात, पण नियम तसाच आहे.) जॉइंट डिग्रीत प्रमाणपत्र एकच, त्यावर दोघांची चिन्हं, आणि दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट. ड्युअल डिग्रीत एकाच विषयातल्या दोन स्वतंत्र पदव्या. जॉइंट पदवीचं जुनं, नीट चाललेलं उदाहरण हवं असेल तर पवईला बघा. २००८ मध्ये सुरू झालेली आयआयटी बॉम्बे-मोनॅश रिसर्च अकॅडमी पीएचडी देते ती दोन्ही संस्थांच्या नावाने.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र व्हिसाची. "सर, शेवटचं वर्ष तिकडेच आहे, म्हणजे नंतर नोकरीचा व्हिसा मिळेलच ना?" हा प्रश्न मला दर जूनमध्ये येतो. उत्तर पदवीवर नाही, महिन्यांवर ठरतं. ऑस्ट्रेलियात शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसासाठी तिथला नोंदणीकृत अभ्यासक्रम किमान ९२ आठवड्यांचा लागतो आणि प्रत्यक्ष तिथे किमान १६ महिने शिकावं लागतं. म्हणजे 'थ्री प्लस वन' केलेल्या मुलाच्या हाती ऑस्ट्रेलियाची खरी पदवी असेल, पण त्या एका वर्षाच्या जोरावर हा व्हिसा मिळणार नाही. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट रूटला, म्हणजे तिथल्या शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाला, वर्षाहून मोठ्या अभ्यासक्रमातले किमान १२ महिने ब्रिटनमध्ये काढावे लागतात. एका सेमिस्टरची वारी तिथे उपयोगाची नाही. शिवाय पदवी आणि मास्टर्सवाल्यांना मिळणारी तिथली दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर येते आहे. आज प्रवेश घेणारं मूल तीन-चार वर्षांनी अर्ज करणार, हे विसरून चालत नाही. व्हिसाचा नियम काउन्सेलरच्या तोंडून ऐकू नका, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा.

'यूजीसी अप्रूव्हल लेटर दाखवा' असा आग्रह धरणारे पालक सावध असतात, पण मागतात चुकीचा कागद. निकषात बसणाऱ्या संस्थांना अशा कराराला यूजीसीची वेगळी परवानगी लागत नाही. बघायचे ते निकष: भारतीय संस्थेचा नॅक (दर्जा-मूल्यांकन) स्कोअर किमान ३.०१, किंवा ती एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात, किंवा सरकारने 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' हा खास दर्जा दिलेली. आणि परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत पहिल्या हजारात. परदेशी विद्यापीठाचं नुसतं नाव वापरून इथे वर्ग चालवण्याच्या फ्रँचाइझी पद्धतीला परवानगी नाही. ऑनलाइन आणि दूरशिक्षण या नियमांत बसतच नाही. एडटेक (ऑनलाइन शिक्षणाच्या) कंपन्यांच्या परदेशी पदव्यांच्या जाहिरातींबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला, तो याचमुळे.

पहिल्या हजारातलं म्हणजे शिष्यवृत्तीही मिळेल, असा आणखी एक समज. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएसच्या पहिल्या दोनशेतलं विद्यापीठ लागतं. दोन्ही याद्या डोक्यात वेगळ्या ठेवा.

एमबीबीएसला हा मार्गच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला किमान ५४ महिन्यांचा पूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत, भारताबाहेर करावा लागतो. 'पहिलं वर्ष पुण्यात, पुढचं तिकडे' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

फीचं गणितही कागदावर करा. पहिली वर्षं रुपयांत, पुढची पाउंडात. फी २०,००० पाउंड असेल आणि पाउंड पाच रुपयांनी महागला, तर वर्षाला सरळ एक लाख वाढले.

आता जे आधीच आत आहेत त्यांच्यासाठी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गुण कमी पडले, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा अडली किंवा व्हिसा नाकारला, तर गाडी तिथेच थांबते, आणि कॉलेजात उत्तर मिळतं, "बघू." बघू नका, लेखी मागा. ज्यांना कार्यक्रम पूर्ण करता येत नाही त्यांच्यासाठी बाहेर पडण्याची वाट आणि मिळवलेल्या क्रेडिटची मान्यता ठेवणं हे यूजीसीच्या याच नियमांत आहे. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. आणि प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका व सविस्तर अभ्यासक्रम त्या त्या वेळीच सही-शिक्क्यानिशी काढून ठेवा. दुसरं विद्यापीठ क्रेडिट मोजायला बसतं तेव्हा हेच कागद मागतं, आणि तोवर आपल्या कॉलेजातला ओळखीचा क्लार्क बदललेला असतो.