एका रात्रीत देश कसा मोजावा: १९११ च्या खानेसुमारीची रीत

तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत मास्तर आहात असं धरा. साल १९१०. दिवाळी होऊन गेली आहे आणि मामलेदार कचेरीतून हुकूम आला आहे: येत्या १० मार्चच्या रात्री गावातली चाळीसेक घरं तुमच्याकडे. या कामाचा वेगळा पगार नाही. नाही म्हणायची सोयही नाही, कारण खानेसुमारीसाठी, म्हणजे जनगणनेसाठी, खास कायदा झाला आहे आणि त्याखाली नेमलेला माणूस सरकारी नोकर धरला जातो. हिंदुस्थानभर असे लाखो मास्तर, कुलकर्णी, तलाठी आणि चार अक्षरं येणारे गावकरी एकाच रात्री कंदील घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी ३१ कोटी ५१ लाख माणसं मोजली.

हे काम त्यांनी कसं केलं, ते इथे क्रमाने सांगतो. आज जनगणनेच्या यादीत नाव आलं की शिक्षक सुस्कारा टाकतात. त्यांच्या खापरपणजोबांच्या पिढीच्या हाती काय होतं, तेही यावरून कळेल.

आधी रात्र निवडा

त्या वेळची मोजणी माणूस कुठला रहिवासी आहे हे विचारत नसे, त्या रात्री तो कुठे आहे हे विचारत असे. जो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणून रात्र अशी हवी की लोक घरी असतील. मोठी जत्रा नको, पर्वणीचं स्नान नको, लग्नाची दाट तिथी नको. शिवाय चांदणं हवं, कारण खेड्यात रस्त्यावर दिवा नाही आणि मोजणी संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत चालायची.

१० मार्च १९११ हा शुक्रवार होता, शुक्ल पक्षातला. अंधार पडायच्या आधीच चंद्र वर आलेला आणि मध्यरात्र उलटली तरी मावळलेला नाही. पौर्णिमा, म्हणजे होळी, अजून चार-पाच दिवसांवर. चांदणं हवं म्हणून पौर्णिमेजवळ जावं, तर शिमग्याला कोकणातला माणूस गावची वाट धरणार. तारीख या दोहोंच्या मधे बसवावी लागली.

रात्र आणि ठिकाण यांनी आकडा किती फिरतो, हे मुंबईकडे पाहिलं की पटतं. १८९१ ला मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती. १९०१ ला भरली ७,७६,००६, कारण प्लेगने शहर पांगलं होतं. १९०६ ला शहरापुरती वेगळी मोजणी झाली तेव्हा आकडा ९,७७,८२२ वर गेला आणि १९११ ला ९,७९,४४५. दहा वर्षांतली ही सगळी वाढ पाळण्यातली नाही. त्यातली बरीचशी माणसं परत आलेली आहेत.

मुलूख तोडून घ्या

प्रांताला एक सुपरिंटेंडेंट असतो. मुंबई इलाख्यात १९११ ला हे काम पी. जे. मीड आणि जी. लेअर्ड मॅकग्रेगर यांच्याकडे होतं आणि सगळ्या देशाचे कमिशनर होते एडवर्ड गेट. खाली जिल्हा, जिल्ह्याचे ‘चार्ज’ (बहुधा तालुका, म्हणजे मामलेदार), चार्जची मंडळं आणि मंडळाचे गट. गट म्हणजे तीस ते पन्नास घरं, एका माणसाला एका रात्रीत फिरता येतील इतकी. दहा-पंधरा गटांवर एक पर्यवेक्षक. संस्थानंही याच साच्यात मोजली गेली. गोवा मात्र पोर्तुगालचा, त्यामुळे तिथली गणती वेगळी.

गटाची हद्द कागदावर सोपी वाटते. शिवारातली वस्ती, ओढ्यापलीकडच्या चार झोपड्या, देवळातला गोसावी हे कोणाच्या वाट्याचे, ते आत्ताच ठरवा. हद्दीवरची माणसं दोनदा मोजली जातात, नाहीतर एकदाही नाही.

घरांना आकडे घाला

हिवाळ्यात गेरूचं किंवा डांबराचं भांडं घेऊन निघा आणि दारावर, चौकटीवर, जिथे रंग धरेल तिथे क्रमांक लिहा. इथे पहिला पेच: घर म्हणजे काय? एका दिंडीदरवाज्याच्या आत वाडा आहे, वाड्यात तीन भाऊ आणि दोन भाडेकरू. घर एक की पाच? १९११ ला बहुतेक प्रांतांनी चूल धरली. एका चुलीवरचं अन्न खाणारी माणसं, त्यांच्याकडे राहणारे आश्रित आणि गडीमाणसं धरून, म्हणजे एक घर. मला ही व्याख्या फार आवडते. भिंतींपेक्षा चुलीने कुटुंब नेमकं सांगता येतं, आणि वेगळी चूल कधी मांडली हे घरातली बाई एका दमात सांगते.

आकडे घालताना लोक विचारणार, हे कशाला? नीट सांगा. कर वाढवण्यासाठी नाही, माणसं पकडून नेण्यासाठी नाही. ही भीती पोकळ समजू नका. १८८१ च्या खानेसुमारीच्या वेळी मेवाडच्या भिल्लांमध्ये अशाच अफवा उठल्या आणि त्यांनी हत्यार उचललं. खानेसुमारीत सांगितलेली माहिती कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, असं कायद्यातच होतं. ते घरोघर सांगा.

काळ्या शाईने कच्ची नोंद करा

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. एका रात्रीत चाळीस घरांतल्या दोनशे माणसांना सोळा-सोळा रकाने विचारून होत नाहीत. म्हणून आधीचे काही आठवडे दिवसाउजेडी घरोघर बसून पुस्तक भरून ठेवायचं, काळ्या शाईने. मोजणीच्या रात्री फक्त फरक लिहायचा.

रकाने असे: घर क्रमांक, माणसाचा क्रमांक, नाव, धर्म, पुरुष की स्त्री, लग्न झालेलं-न झालेलं-विधवा/विधुर, वय, जात, मुख्य धंदा, जोडधंदा, न कमावणाऱ्यांचं पोट कोणत्या धंद्यावर, जन्मजिल्हा, घरची भाषा, साक्षर की निरक्षर, इंग्रजी येतं का, आणि व्यंग. काही रकान्यांत पाय हमखास अडकतो.

*नाव.* नवऱ्याचं नाव बायको घेत नाही आणि बायकोचं नाव परक्यासमोर सांगायला नवरा कचरतो. तुम्ही उखाण्याची वाट बघत बसू नका. नाव मिळालं नाही तर नुसतं ‘स्त्री’ असं लिहायची मुभा आहे. पण रकाना गाळू नका, नाव नाही म्हणून माणूस गळता कामा नये. आणि हे विसराल तर पुस्तकात पुरुष पुरे आणि बायका कमी भरतील.

*वय.* पूर्ण झालेली वर्षं लिहा. वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर आकडा न घालता ‘तान्हं’ असा शब्द लिहा. मोठ्यांना वय विचारलंत तर ‘असेल चाळीस’ असं येतं, आणि मग सगळं गाव वीस, तीस, चाळीस नि पन्नासचं होऊन बसतं. त्यापेक्षा आठवणीला हात घाला. ‘मोठ्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?’ १८७६-७७ च्या दुष्काळात जी मुलगी रांगत होती ती आता चौतिशी-पस्तिशीची. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, जो पाळण्यात होता तो आता अकरा वर्षांचा. असं एकेक माणूस धरून बसायला वेळ लागतो, पण वय असंच सापडतं.

*धंदा.* ‘नोकरी’, ‘मजुरी’, ‘दुकान’ लिहिलंत तर पर्यवेक्षक पुस्तक परत देईल. कसली नोकरी, कोणाकडे? मजुरी शेतातली की मातीकामाची? दुकान किराण्याचं की कापडाचं? न्हावी शेतीही करत असेल तर मुख्य कोणतं आणि जोड कोणता, ते त्यालाच विचारा.

*जात.* इथे शब्द जपून. १९०१ च्या खानेसुमारीत जातींची सामाजिक उतरंड लावायचा घाट घातला गेला आणि त्याने देशभर मनं दुखावली. तो क्रम १९११ ला पुन्हा लागणार या समजाने अर्जांचा पाऊस पडला: आम्हाला अमुक नावाने लिहा, अमुकांच्या वर लिहा. एकट्या बंगालात अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं. तुम्ही निवाडा करायला बसलेले नाही. तो सांगेल ते लिहा. तुमच्या मनात काय आहे ते लिहू नका.

*साक्षर.* १९०१ पर्यंत ‘लिहिता-वाचता येतं’ एवढं पुरे होतं, आणि सही गिरवणारासुद्धा त्यात घुसे. १९११ ला कसोटी ठरली: स्नेह्याला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे. मास्तरांना याहून चांगली कसोटी कोण देणार? तिला उतरले हजारी ५९ माणसं. पुरुषांत हजारी १०६, बायकांत हजारी १०. चाळीस घरांच्या तुमच्या गटात एकही बाई या रकान्यात ‘साक्षर’ भरली नाही तर तुमची चूक झाली असं समजू नका.

*व्यंग.* वेडेपण, दोन्ही डोळ्यांचं अंधत्व, जन्मापासूनचं मुकं-बहिरेपण आणि महारोग एवढंच. एक डोळा गेलेला, म्हातारपणी ऐकू न येणारा आणि अंगावर कोड असलेला माणूस यात धरायचा नाही. कोड आणि महारोग यांची गल्लत केलीत तर एखाद्या घराची सोयरीक मोडेल, म्हणून नीट पाहा.

पुस्तक भरलं की पर्यवेक्षक तपासेल, मग मामलेदार, आणि दौऱ्यावरचा कोणीही अधिकारी वाटेत उभं करून चार घरं पडताळून पाहील.

मोजणीची रात्र: लाल शाई

१० मार्च, संध्याकाळचे सात. बरोबर कंदील, लाल शाईची दौत, टाक आणि पुस्तक. पहिल्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबा आणि काळ्या शाईतली नावं एकेक मोठ्याने वाचा. आहे? पुढचं. परगावी गेला? लाल रेघ मारा, तो जिथे आहे तिथला मास्तर त्याला लिहील. मेला? लाल रेघ. पाहुणा आलाय? लाल शाईने नवी ओळ, सोळाही रकाने. कालपरवा बाळंतीण झाली? तान्ह्याची ओळ घाला, नाव ठेवलं नसलं तरी.

आधीच कळवलेलं असतं की शक्यतो त्या रात्री घरी राहा आणि दिवा ठेवा. तरी राखणीला शेतावर गेलेला, धर्मशाळेत उतरलेला, पारावर निजलेला राहतोच. घरं संपली की तिकडे एक फेरी मारा.

वाटेवरच्यांची तजवीज वेगळी. रात्री रेल्वेने जाणारे स्टेशनवर चढता-उतरता मोजायचे आणि त्यांच्या हाती मोजल्याची चिठ्ठी द्यायची, म्हणजे पुढे कोणी पुन्हा लिहिणार नाही. सकाळी सहाच्या सुमाराला गाड्या थांबवून डब्याडब्यांत शिरून राहिलेले टिपायचे. बंदरात होड्या आणि गलबतं, छावणीत पलटणी, तुरुंगात कैदी. घनदाट जंगलाच्या पट्ट्यात रात्री फिरणं जिवावर बेतेल, तिथे मोजणी दिवसा उरकायला परवानगी होती. त्याच सुमाराला वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कारखान्यांचीही वेगळी नोंद घेतली गेली.

सकाळी बेरीज

झोपायचं नाही. पहाटे ठरलेल्या ठिकाणी, चावडीत किंवा शाळेत, मंडळातले सगळे जमा. प्रत्येकाने आपल्या गटाची वस्तीची घरं, पुरुष आणि बायका यांची बेरीज काढायची आणि दुसऱ्याने ती तपासायची. गटांवरून मंडळ, मंडळांवरून तालुका, तालुक्यांवरून जिल्हा, आणि जिल्ह्याची तार थेट कमिशनरकडे. दहाएक दिवसांत साऱ्या हिंदुस्थानचा कच्चा आकडा तयार झाला, आणि पुढे पक्का आकडा त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. हिशेबाचं यंत्र नव्हतं. चावडीत बसून रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी केलेली ती बेरीज होती. मला या सगळ्यात जास्त अभिमान याचा वाटतो.

मग चिठ्ठ्या

पुस्तकं गेली जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या कचेरीत. तिथे प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची. ही रीत १९०१ पासूनची. चिठ्ठीच्या कागदाचा रंग म्हणजे धर्म, छापलेली खूण म्हणजे स्त्री-पुरुष आणि लग्न. रंग आणि खूण बघूनच कळतं, तेवढं लिहायला नको. मग खणांचं कपाट: वयाप्रमाणे चिठ्ठ्या खणांत टाका, मोजा, पुन्हा गोळा करा, आता भाषेप्रमाणे टाका, मोजा. अशा फेऱ्यांमधून कळलं की मराठी बोलणारे सुमारे १ कोटी ९८ लाख आहेत.

तुमच्या खापरपणजोबांचा शोध घ्यायचा असेल तर १९११ च्या अहवालाचा सातवा खंड मुंबई इलाख्याचा आणि आठवा मुंबई शहराचा आहे. त्यात जिल्हा, तालुका, जात, धंदा, भाषा यांचे तक्ते मिळतील. नाव मिळणार नाही. काळ्या-लाल शाईची पुस्तकं काम संपल्यावर जपून ठेवली गेली नाहीत.