क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये असेल तर जावात ऑब्जेक्ट कसा बनवायचा

समजा बिलाचा रिपोर्ट पीडीएफमध्ये काढायचा की एक्सेलमध्ये हे कॉन्फिग फाईलवर ठरतं, म्हणजे कोड लिहिताना क्लास कुठला ते माहीतच नाही, मग न्यू कोणापुढे लावणार? अशा वेळी रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास शोधून वापरायची सोय, कामाला येतं, जावात ते १.१ पासून आहे.

आधी रिपोर्ट नावाचा इंटरफेस करा आणि दोन्ही क्लास त्यावरून बनवा, हे टाळू नका, नाहीतर ऑब्जेक्ट मिळूनही त्याची मेथड सरळ कॉल करता येत नाही. मग क्लास.फॉरनेमला पॅकेजसकट पूर्ण नाव द्या, आणि क्लास दुसऱ्या क्लासच्या आत असेल तर त्या दोन नावांमध्ये डॉट नाही, डॉलरचं चिन्ह टाकायचं. मिळालेल्या क्लासवर गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर, त्यावर न्यूइन्स्टन्स, झाला ऑब्जेक्ट.

जुन्या कोडमध्ये क्लासवरच थेट न्यूइन्स्टन्स केलेलं दिसेल, ते जावा ९ पासून डेप्रिकेटेड (म्हणजे 'आता वापरू नका' असं जाहीर केलेलं) आहे आणि बरंच झालं, कारण कन्स्ट्रक्टरमधलं चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे जे हाताळलंय का हे एरवी कंपायलर तपासतो ते, कंपायलरला पत्ता न लागता बाहेर यायचं. आता ते इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शनमध्ये गुंडाळून येतं, म्हणून लॉगमध्ये गेटकॉज छापाच, खरी चूक तिथे असते.

पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर हवा असेल तर टाइप तंतोतंत द्यायचे. माझा अख्खा दिवस यात गेलाय, कन्स्ट्रक्टर साधा इंट घेत होता आणि मी इंटिजर.क्लास दिलं होतं, एरर येत होती नोसचमेथड, मी आपला जार फाईल उघडून बघतोय की क्लास जुना तर नाही ना. इंट.क्लास लिहिलं आणि लगेच चाललं. व्हॅल्यू देताना जावा इंटिजरचा इंट करून घेतं, पण कन्स्ट्रक्टर शोधताना दोन्ही वेगळे धरतं.

आणि नाव युजरच्या फॉर्ममधून कधीच घेऊ नका, प्लीज. फॉरनेम केल्याबरोबर त्या क्लासचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा वापरात येताना आपोआप चालणारा कोड) चालतो, म्हणजे तुम्ही इंटरफेस तपासायच्या आधीच कोड रन झालेला असतो. तीन पॅरामीटरवाल्या फॉरनेमला दुसरा पॅरामीटर फॉल्स दिला की ते थांबतं, मग अ‍ॅजसबक्लासने तो रिपोर्टच आहे ना ते बघायचं आणि त्यानंतरच ऑब्जेक्ट बनवायचा. क्लास दोन-चारच असतील तर मी सरळ मॅपमध्ये 'पीडीएफ' समोर त्याचा कन्स्ट्रक्टर रेफरन्स ठेवतो, तिथे रिफ्लेक्शनची गरजच नसते.