रिसेप्शनच्या जेवणात पैसे वाचवायचेत? मेनू राहू द्या, आधी प्लेटचा आकडा पक्का करा

रिसेप्शनच्या जेवणाचा खर्च कमी करायचा म्हटलं की लोक आधी मेनूला कात्री लावतात, मग केटररशी दरावरून घासाघीस करत बसतात. या सल्ल्याचा मला आता वीट आलाय. दर फार ताणला की केटरर हसून ‘हो’ म्हणतो आणि ती कसर मालातून नाहीतर वाढप्यांच्या संख्येतून भरून काढतो. बिल म्हणजे दर गुणिले प्लेट. दर थोडाफार हलतो, पण पैसे गळतात ते प्लेटच्या आकड्यात.

हॉल बघणं, चव बघणं, दोन-तीन कोटेशनं घेणं हे तुम्ही करालच. फक्त दर विचारताना कर, वाढपी, भांडी, ने-आण आणि सफाई सगळं धरून विचारा. कार्यक्रम दोन जेवणांच्या मधल्या वेळेत बसत असेल तर अल्पोपाहारावर भागतं. मात्र निमंत्रणावर तसं स्वच्छ लिहा, नाहीतर लोक उपाशी येतात.

आता आकडा

हेच सगळ्यात अवघड काम आहे आणि मलाही ते सहज जमलेलं नाही. यादीत ‘काका व परिवार’ अशी ओळ दिसली की हिशोब तिथेच फसला म्हणून समजा. परिवारात कोण कोण, मुलं किती, हे फोन करून विचारा आणि एकेक नाव लिहा. ‘सरसकट इतके टक्के लोक येतच नाहीत’ हा सल्ला देणाऱ्यांना त्यांची टक्केवारी लखलाभ. शेजारचा माणूस आणि दोन दिवसांच्या प्रवासावरचा माणूस एकाच मापाने कसे मोजणार?

यादीचे तीन भाग करा: नक्की येणारे, बघू म्हणणारे आणि केवळ रीत म्हणून बोलावलेले. समजा नावं ३०० आहेत. नक्की येणारे १८०, त्यांतले शंभरामागे पाचेक ऐनवेळी गळतात, म्हणून १७१ धरा. बघूवाले ८०, त्यांतले निम्मे म्हणजे ४०. उरलेले ४०, त्यांतले फार तर ४. एकूण २१५. हे प्रमाण माझ्या अंदाजाचं आहे; तुमचं गणगोत तुम्हाला जास्त माहीत, त्याप्रमाणे बदला.

पण केटररला २१५ ची गॅरंटी देऊ नका. गॅरंटीच्या प्लेटचे पैसे कुणी जेवो न जेवो, द्यावेच लागतात. एक्स्ट्रा प्लेटचे पैसे लागल्या तरच. म्हणून गॅरंटी २०० ची, स्वयंपाक २२५ ला पुरेल एवढा आणि एक्स्ट्रा प्लेट त्याच दराने, असं लेखी घ्या. ‘त्याच दराने’ हे शब्द नसतील तर कार्यक्रमाच्या रात्री एक्स्ट्राचा दर केटरर ठरवतो. तो कुरकुरला तर गॅरंटी २१० वर न्या. हुशारी म्हणून १५० मात्र सांगू नका. तोही धंदा करायला बसलाय. स्वयंपाक त्याच बेताने होईल आणि शेवटी येणाऱ्यांसमोर रिकामी भांडी राहतील. आकडा बदलायची शेवटची तारीख विचारून ठेवा आणि तिच्या आदल्या दिवशी बघूवाल्यांना पुन्हा फोन करा.

मग येते ती रात्र. मोजणी कोऱ्या प्लेटची करायची: सुरुवातीला किती होत्या, शेवटी किती उरल्या. पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावायला सांगा, आणि टेबलाखालचा क्रेटही मोजा, कारण गर्दी वाढली की त्यातूनच नवी थप्पी वर येते. धुवायच्या टबातल्या उष्ट्या प्लेट मोजून केलेलं बिल मी मान्य करत नाही.

मोजायला घरचा असा माणूस ठेवा, ज्याला फोटोसाठी कुणी हाक मारणार नाही. मामा नकोत, मामांना दर पाच मिनिटांनी स्टेजवर बोलावतात.

वाढप्यांनाही एक गोष्ट बजावून ठेवा: पाहुणा प्लेट ठेवून बोलत उभा असेल तर ती उचलायची नाही. उचलली की तो दुसऱ्या फेरीला नवी प्लेट घेतो आणि एका माणसाचे दोन लागतात. गोड आणि स्टार्टरसाठी वेगळ्या वाट्या-बशा ठेवा, त्या मोजणीत नाहीत हे लिहून घ्या. लहान मुलांचा दर, आणि फोटोग्राफर, वादक, ड्रायव्हर यांच्या साध्या जेवणाचा दर आधीच ठरवा. उरलेल्या प्लेट मोजून आकड्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय हॉल सोडू नका. ‘हिशोब उद्या बघू’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

मेनूचं थोडक्यात

पदार्थ कमी ठेवा, पण जे ठेवाल ते चांगलं आणि भरपूर ठेवा. वीस पदार्थ मांडले की लोक प्रत्येकातलं चमचाभर घेतात आणि निम्मं टाकतात. प्लेट १२ ऐवजी १० इंची घ्या. १२ इंची प्लेटचं क्षेत्रफळ १० इंचीपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त असतं आणि लोक रिकामी जागा भरतात. महागडा पदार्थ रांगेच्या शेवटी ठेवून तो वाढप्याच्या हातून द्या. लाइव्ह काउंटर एकच पुरे, कारण तिथे मालापेक्षा माणसाचे पैसे जास्त लागतात.

उरलेल्या अन्नावर हक्क कुणाचा, हेही करारात लिहा आणि डबे घरून न्या. ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवलेलं अन्नच उथळ डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये टाका, किंवा आधी ठरवलेल्या संस्थेला द्या. दोन तासांहून जास्त उघड्यावर राहिलेलं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त राहिलेलं, कितीही चांगलं दिसलं तरी फेकून द्या.