गावात डिजिटल बीपी मशीन रुळवायचं कसं

मी जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सिस्टर आहे. डिजिटल मशीन हातात पडलेल्या नव्या सिस्टरांसाठी हे लिहिते.

पहिलं म्हणजे उद्घाटन करू नका. नारळ फोडलेलं मशीन दुसऱ्या दिवशी कपाटात जातं.

म्हाताऱ्या माणसांचा विश्वास पाऱ्यावर. तो चढता-उतरताना दिसतो, सिस्टर कानाला नळी लावून ऐकते. इथं नुसता आकडा येतो. पारा विषारी आहे, २०१३ च्या मिनामाता करारात तो हटवायचं ठरलंय, हे आज्जीला सांगून काडीचा उपयोग नाही. जुनं मशीन चालू असेल तर तिच्यासमोर एकाच दंडावर, मिनिटभर थांबून, दोन्ही लावा. थोडा फरक पडणारच, हे आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

आता पट्टा. इथंच मशीन बदनाम होतं. आमच्याकडं तालमीत घुमलेले गडी कमी नाहीत. त्यांच्या दंडाला साधा पट्टा ओढूनताणून बांधला की बीपी खोटंच जास्त दाखवतं. धडधाकट पैलवानाला तुम्ही "बीपी आहे" म्हणालात की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा, "मशीन खुळं हाय." म्हणून मोठा पट्टा मागवून घ्या. वरून मशीन येतं, मोठा पट्टा येत नाही, हे नेहमीचंच. पाठपुरावा लेखी करा.

मोजायच्या आधी पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बाही वर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. बायकांना मिश्रीचं वेगळं विचारा, ती तंबाखूत कुणी धरत नाही. दोनदा मोजा. नाडी अनियमित लागली तर या मशीनवर विसंबू नका, बीपी कानाला नळी लावून हातानं मोजा.

सुरुवात कुणापासून करायची? पुढाऱ्यापासून नको, त्याचं बीपी तालुक्याचा डॉक्टर बघतो. आशाताईला सोबत घ्या आणि बीपीची गोळी आधीच चालू असलेली, चार घरी ऊठबस असलेली एखादी काकू गाठा. तिचा आकडा १४०/९० च्या खाली आला की तीच शेजारणीला घेऊन येते.

प्रत्येकाचा आकडा तारखेसह कार्डावर लिहून हातात द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर द्याच, सोबत गोळ्याही. कारखान्यावरच्या दवाखान्यात ते कार्ड दाखवलं की पुढची गोळी मिळायला सोपं जातं.