मराठी लेखांसाठी स्वतःची साइट: ह्यूगो कसं बसवावं

तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. त्या मुक्कामाच्या आठवणी माझी मावशी वहीत लिहीत आली आहे. त्या तिच्या स्वतःच्या साइटवर असाव्यात म्हणून कोथरूडला तिच्या घरी बसून आम्ही ह्यूगो बसवलं. साध्या मजकुराच्या फाइलींतून ह्यूगो तयार एचटीएमएल पानं बनवतं. मागे डेटाबेस नसतो, त्यामुळे पानं पटकन उघडतात आणि मूळ लेखन आपल्याच संगणकावर राहतं. मला हे दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. असंच काम करणारं २००८ सालचं जेकिलही चांगलं आहे, पण त्यासाठी आधी रूबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवावी लागते.

ह्यूगो आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बसवून झाले की टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'ह्यूगो न्यू साइट' आणि पुढे फोल्डरचं नाव लिहा, सगळं रोमन लहान अक्षरांत. 'थीम्स' फोल्डरात एखादी थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, टाका आणि 'ह्यूगो.टॉमल' या सेटिंगच्या फाइलीत तिचं नाव द्या. थीम नंतरही बदलता येते, तिच्यात अडकू नका.

त्याच फाइलीत भाषेचा कोड 'एमआर' (म्हणजे मराठी) करा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, त्यात मग 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. आपली अक्षरं आपल्या वळणाची दिसायलाच हवीत.

वेळेचा पट्टाही 'एशिया/कोलकाता' असा नोंदवा. तो नसेल आणि लेखाची तारीख-वेळ तुम्ही हाताने टाकली, तर ह्यूगो ती यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, धरतं. म्हणजे सकाळी ८ वाजताचा लेख आपल्या दुपारी दीडपर्यंत भविष्यातला ठरतो आणि साइटवर येतच नाही. मावशीचा पहिला लेख असाच अडकला होता. आम्ही तासभर चूक शोधत होतो.

लेखाच्या फाइलीचं नाव रोमनमध्ये ठेवा, शीर्षक मात्र देवनागरीत. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते: नुसत्या 'पुणे'ची अक्षरं-आकडे धरून ३६ चिन्हं!

आता 'ह्यूगो सर्व्हर' चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच संगणकाच्या, १३१३ पोर्टवर साइट पाहा. लेख दिसत नसेल, तर फाइलीच्या डोक्यावरचं 'ड्राफ्ट' (कच्चा लेख) 'फॉल्स' (नाही) केलंय का ते तपासा. फोनवरचे फोटो १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून घ्या.

प्रकाशनासाठी गिटहब पेजेस ही साइट ठेवायची सेवा पुरते. त्यासाठीची तयार कार्यफाइल (साइट आपोआप बनवून चढवणारी) ह्यूगोच्या मार्गदर्शिकेत आहे. फुकट खात्यावर मात्र रेपॉझिटरी (साइटच्या मूळ फाइलींचा तिथला साठा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणजे अर्धवट लेखही कुणालाही वाचता येतात. खासगी मजकूर तिथे चढवूच नका.

शेवटी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर साइट उघडा. जोडाक्षरं फुटत नाहीत ना आणि ओळींमध्ये मात्रा-वेलांट्या एकमेकींना चिकटत नाहीत ना, हे वाचून बघा. चिकटत असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा.