घमेलं, सळई आणि पृथ्वीचा परीघ

पस्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. पृथ्वी मोजायला मात्र रिटायर झाल्यावर घेतली, पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर. युक्ती इराटोस्थेनिसची. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दूर दक्षिणेला सायीनीत, म्हणजे आजच्या अस्वानला, २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडायची. सूर्यकिरण आणि उभी काठी यांतला कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. मधलं अंतर ५,००० स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप), गुणिले ५०. आला परीघ.

आपलं सायीनी म्हणजे नाशिक. २० मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. (२२-२३ जुलैलाही येतो, पण तेव्हा ऊन कुठलं?) अलेक्झांड्रियाच्या जागी पणजी, कारण भाचा तिथे आहे आणि पणजी नाशिकच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे. सायीनी तर अलेक्झांड्रियाच्या तीन अंश पूर्वेला सरकलेलं. जोडी आपलीच सरस.

पहिल्या वर्षी मी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून काठी फरशीवर उभी केली आणि सावली काही संपेना. एक सेंटिमीटर उरलीच. मग डोक्यात प्रकाश पडला: गच्चीला पाणी जायला ढाळ असतो! मीटरला सेंटिमीटर ढाळ, काठीही तेवढीच कललेली. जन्मभर दुसऱ्यांचे ढाळ तपासले आणि स्वतःच्या गच्चीचा विसरलो.

तेव्हा असं करा. घमेलं मालाने, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूने, काठोकाठ भरा, मधोमध सरळ सळई रोवा. माल ओला असतानाच दोन बाजूंनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून सळई उभी करा आणि पृष्ठभाग पाणसळीने, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या हत्याराने, सपाट करा. त्या पृष्ठभागापासून सळई बरोबर १०० सेंटिमीटर वर हवी. असंच एक घमेलं पणजीला.

घड्याळातले बारा धरू नका; आपल्याकडे मेमध्ये सूर्य माथ्यावर येतो १२:३१च्या सुमारास. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी खूण करा आणि सर्वांत आखूड सावली घ्या. टोक पुसट असतं, त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरा. नाशिकला सावली सळईच्या बुंध्यात विरते. पणजीला ती दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य तिथे उत्तरेला गेलेला असतो. भाच्याने आधी खुणा उत्तरेकडे आखून ठेवल्या होत्या!

पणजीची सावली ७.९ सेंटिमीटर आली, तर ७.९ भागिले १००, गुणिले ५७.३ (लहान कोनासाठी हे गुणोत्तर अंशांत आणणारा आकडा): साडेचार अंश. ३६० भागिले साडेचार म्हणजे ८०. अंतर नकाशावरचं सरळ रेषेतलं घ्या, रस्त्याचं नको; ते सुमारे ५०० किलोमीटर. ८० गुणिले ५००, चाळीस हजार किलोमीटर.

हे झालं कागदावर. भाच्याने मोजली ७.७, आणि पृथ्वी ४०,९०० किलोमीटरची निघाली. खरा ध्रुवांवरून जाणारा परीघ ४०,००८. एका मिलिमीटरला पाचशे किलोमीटर पडतात, हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षी दोन मीटरची सळई घेऊ." म्हणजे घमेलंही मोठं आलं.